हळकुंडी

पुराच्या साली आली ही.
वखारभागातल्या एका पत्र्यावर
तीन दिवस ओरडत होती म्हणे.
दस्तगीर मुजावर बोटीतनं उतरला तो
शर्टाच्या आत हिला घेऊनच.
"वहिनी, ठेवा. मला नखं लागलीत, पण जित्ती हाय."
हरिपूरच्या पेवातनं काढलेल्या हळदीचा रंग,
म्हणून हळकुंडी.

सहा वर्षं मशीनखाली झोपली.
चिंध्यांत दोनदा व्याली,
मग मिरजेच्या डॉक्टरकडं नेऊन आणली.
गिऱ्हाइकांच्या परकरांवर केस ठेवून गेली,
कुणी काही म्हटलं नाही.
उंदीर आणला की मी शाबास म्हणायची.
शाबास कशाला आणि कशाला नाही,
ते तिला कुठं कळणार!

श्रावणात अंजिराच्या खालच्या फांदीला
दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसली.
शिंपीच म्हणतात त्या पाखराला.
चष्मा लावून पाहिलं.
टाक्यांत अंतर सारखं नव्हतं, पण गाठ पक्की,
आणि कापूस माझ्याच उशीतला,
दोरीवर उन्हात टाकलेल्या, भोक पडलेल्या.
तीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
नुसत्या चोचीनं, हिरवं कापड न चुरगळता,
मला नसतं जमलं.
आत तीन पिल्लं.
उघड्या चोची, बटणाच्या काजाएवढ्या.

चौथ्या दिवशी पान फाटलेलं.
हळकुंडी कट्ट्यावर मिशा पुसत बसलेली
आणि वर तारेवर ती दोघं
टोविट टोविट टोविट,
दुपारभर, मशीनच्या आवाजाच्या वरून.
मी पायडल थांबवलं.
ती थांबली नाहीत.

मगदूम सर कुंपणावरून म्हणाले,
"तुमच्या मांजराचा बंदोबस्त करा."
सर दिवस मावळायच्या आत जेवतात,
पाणी गाळून पितात,
पहाटे चिमण्यांना ज्वारी टाकतात
मेंदीच्या कुंपणाला लागून, खाली, जमिनीवर.
मला म्हणायचं होतं, सर,
पान तुम्ही वाढता,
पंगतीला हिला मी धाडते.
म्हटलं नाही.
दस्तगीरच्या छातीवरचे ओरखडे आठवले.
पाण्यातनं जीव काढला तो ह्याच्यासाठी?
आणि नसता काढला, तर?

घंटा बांधली.
म्हणीतल्या उंदरांना जमलं नाही ते
मी एका दुपारी केलं, बशीत दूध ओतून.
म्हण तिथंच संपते.
पुढचं कुणी सांगत नाही,
की महिन्याभरात मांजर
घंटा न वाजवता चालायला शिकतं.

मग गळपट्टा शिवला.
लाल, पिवळा, भडक निळा,
पाखरांना रंग लांबून दिसतो म्हणून;
लग्नाच्या ब्लाउजांची कात्रणं, चुण्या घालून,
आणि हुकाऐवजी कच्चा टाका,
कुठं अडकली तर तुटावा.
बेंदराच्या बैलासारखी दिसायला लागली,
देखणी आणि वैतागलेली.

दार सगळ्यात अवघड.
पहाटे, तिन्हीसांजेला,
आणि पिल्लांचे दिवस असतील तोवर दिवसभर
कडी लावायची.
ती दाराशी बसून ओरडते,
तेव्हा पत्र्यावर ओरडली असेल तशीच.
मी ऐकते. टीप मारत राहते.
कडी काढत नाही.

सरांनी एका रविवारी
वेल्डिंगवाल्याकडनं पुरुषभर उंच पाइप आणला,
ज्वारीचं ताट वर बसवलं,
मध्ये पत्र्याची उलटी चाळण, चढता येऊ नये अशी.
बोलले काही नाहीत.
मेंदी मात्र हातभर मागं कापली,
आणि परवा कुंपणावरून विचारलं,
"उपाशी तर नाही ना ती?"

अंजिराला यंदा अजून शिवण नाही.
मोठी पानं आहेत, खालची फांदीही तीच.
कधी आवाज येतो, गल्लीच्या पार टोकाकडनं.

उशी दोरीवरच आहे.
भोक शिवायला मला दोन मिनिटं पुरतील.
शिवलं नाही.
उलट बोट घालून
कापूस थोडा बाहेर ओढून ठेवलाय.