दोंडाईचा, वजनकाटा

रात्री न विचारता अपडेट आलं.
सकाळी पावत्यांवर नावांच्या जागी चौकोन.
सुपडूआप्पा कागद उन्हात धरतात:
"मनं नाव कोठे गयं व माय?"

वाचता येत नाही त्यांना.
पण नावाला खाली दोन शेपट्या असतात,
'सु'ला एक, 'डू'ला एक;
त्या आज नाहीत, एवढं दिसलं.

मागे मिरचीचे ट्रॅक्टर, हॉर्न, शिंका.
कीबोर्डच्या फटींत लाल भुकटी.
मी फॉन्ट तपासते, भाषा तपासते,
कालचं पॅकेज काढून परवाचं बसवते,
डोळ्याला हात न लावता.
तेवढ्यात वजन दोनदा बदललं,
कोणीतरी काट्यावर उभं होतं.

प्रिंटर खोकला.
आप्पांनी दोन्ही शेपट्यांवरून बोट फिरवलं,
"बरोबर शे," म्हणाले,
पावती टोपीत खोचली.

मी ऑटो-अपडेटची खूण काढली
आणि मनसोक्त शिंकले.