कलती

आधी ब्रेकच्या सळईचा नट, वेंडेलीन म्हणतो,
बोटांनी फिरेल, पान्हा नको.
तो शेडच्या दारात, बिअरच्या उपड्या क्रेटवर.
मी खाली पोत्यावर, गुडघ्यांची तक्रार ऐकत.

सत्तावन्न सालची जावा.
लोक तिला लाल म्हणतात, तो चिडून सुधारतो:
चेरीसारखी. जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या.

आजवर हे काम त्याचं.
माझ्याकडे एकच, गाडी कलती धरायची.
मडगार्ड इतकं खोल की चाक सरळ निघतच नाही.
कुणीतरी गाडी अंगावर घ्यावी लागते,
मग दुसऱ्याने खालून ओढायचं.
सीट पोटाशी, हँडल मुठीत, नजर कोबीच्या वाफ्यावर.
मागे काय चाललंय ते आवाजावरून कळायचं.
टण्ण, म्हणजे एक्सल निघाला.
शिवी, म्हणजे स्पेसर घरंगळला.
"बास, सोड", म्हणजे झालं.
इतक्या वर्षांत चाक निघताना मी पाहिलेलं नाही.

आता त्याचे हात थरथरतात,
सूपचा चमचा वाटेतच निम्मा होतो.
म्हणाला, मी धरतो.
वजन थरथरत नाही.

एक्सलचा नट हटून बसलेला.
पान्ह्याला पाइप जोडून अख्खी लटकले
तेव्हा कुठे करकरला,
जानेवारीत तळ्यावरचा बर्फ करकरतो तसा.
लोणच्याच्या बरणीचं झाकण, त्यात नट, वॉशर.
लाकडी हातोडीचे दोन टोले.
स्पेसर घरंगळला. शिवी मी दिली.
त्याचीच.
तो सीट धरून उभा होता, हसला,
आणि गाडी हलली.
हसू नकोस, म्हटलं, मी खाली आहे.
स्पेसर फळीखालून काढून एप्रनच्या खिशात टाकला.

मग त्याने गाडी अंगावर घेतली.
चाक बाजूला ओढ, दाते सुटतील.
साखळीला हात लावू नकोस, ती आपल्या पेटीत राहते.
ज्याने हे योजलं तो माणूस शहाणा, म्हणाला.
दरवेळी म्हणतो.

आलं हातात.
वाटलं होतं त्याहून जड, आणि टायरात नालेचा खिळा,
चकचकीत, मालकासारखा बसलेला.

मान वर केली तर मडगार्डच्या पोटात
वाळल्या चिखलाच्या पापुद्र्याखाली ओरखडे.
पदराने नाही, थुंकी लावून अंगठ्याने पुसले.
आकडे. तारखा. एकाखाली एक, अकरा.
ही तळ्याकाठची: गांधीलमाशी मानेवर चावली
तरी मी गाडी सोडली नव्हती.
ही आईच्या दफनाच्या दिवशीची,
काळ्या स्कर्टवरचं ग्रीस कधीच गेलं नाही.
आणि ही: १७ ऑगस्ट ७४, झ्नोयमो.

त्या आठवड्यात मी त्रेबिचच्या हॉस्पिटलात होते.
बोहदाना दोन दिवसांची.

"ऑगस्ट चौऱ्याहत्तर," मी खालून विचारलं,
"गाडी कुणी धरली होती?"

वर बराच वेळ फक्त स्प्रिंगची कुरकुर.
"झाडाला टेकवली होती," तो म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
"जर्दाळूच्या."

असेल. झ्नोयमोकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना
जर्दाळूच आहेत.
पण झाड ऐन वेळी एक बोट इकडे सरकत नाही,
आणि त्याखेरीज हे चाक सुटत नाही,
एवढं मला या कामातलं कळतं.

पस्तीस वर्षं झाली.
त्या ऑगस्टात जर्दाळू घेऊन आला होता भेटायला,
कागदी पिशवीभर, मऊ पडलेले.
मी सगळे खाल्ले होते.

"लवकर," तो म्हणाला, "खांदा भरून आला."
"थांब."
स्क्रूड्रायव्हर घेतला
आणि शेवटच्या ओळीखाली आजची तारीख कोरायला लागले,
सावकाश, शून्याला नीट गोल करत.
तो वर, सबंध गाडी अंगावर घेऊन,
नजर कोबीच्या वाफ्यावर.

"काय करतेयस?"

"स्पेसर शोधतेय," मी म्हटलं.