साहित्य घरून आणावे

रंगांच्या पेट्या यंदाही आल्या नाहीत.
कुतायसीहून पत्र तेवढं आलं, शिक्क्यासकट,
की मागणीची नोंद घेतली आहे.
मग मी सहावीच्या फळ्यावर लिहिलं:
मंगळवारी आपापला रंग घरून आणा.

म्झेविनारने अक्रोडाची हिरवी सालं आणली,
बोटं आधीच कुळकुळीत,
जणू घरीच प्रकल्प उरकून आली होती.
उचाने गंज आणला, आजोबांच्या फाटकावरून खरवडून,
आणि फाटक उघडंच टाकून आला,
म्हणून गाय रस्त्यावर,
म्हणून दहा वाजता आजोबा वर्गाच्या दारात.
त्यांनाही बसवून घेतलं.
त्यांनी विटेचा तुकडा कुटून दिला,
खडेमीठ कुटावं तसा, एक शब्द न बोलता.
ग्वान्त्साकडे वाळलेला झेंडू होता,
कालवणात घालायच्या डब्यातला;
आईला विचारलंस का, तर मान दोन्हीकडे हलवली.

अंडी माझी. सहा.
बलक या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा,
पांढरं निथळेपर्यंत,
मग चिमटीत उचलायचा आणि टोचायचा,
पिशवी हातात राहते, पिवळं वाटीत.
हे दाखवताना माझाच पहिला फुटला
आणि वर्ग इतका हसला
की भिंतीपलीकडून मुख्याध्यापक खाकरले.

त्सोत्नेने रुमाल आणला. चार घड्यांचा.
"बाबांचा. खाली उतरताना गळ्याभोवती बांधतात."
झटकला तशी कागदावर ढिगुळी पडली,
मँगनीजची भुकटी, काजळाहून मऊ.
आमच्या गावात हा रंग आणावा लागत नाही.
खिडकीच्या चौकटीत असतो, पावाच्या कडेला असतो,
नदीला तर माझ्या लहानपणापासून आहे.
म्हणूनच कुणाला सुचला नव्हता.

बलकात कालवला, तर काळा राहीना.
पाणी घातलं की तपकिरी, कडेला जांभळट,
पिकल्या अंजिराच्या सालीसारखा.
"असा आहे होय हा," उचा म्हणाला,
रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव
आज कळावं तसा.

विषय होता: आपलं अंगण.
बाकीच्यांनी डोंगर काढले, दोरावरून जाणारे डबे,
ग्वान्त्साने एक पिवळी गाय, अर्थात रस्त्यावर.
त्सोत्नेने कागद काठोकाठ भरला,
भिंत, जिना, आभाळ,
सगळं त्या एकाच रंगात,
आणि मधोमध एक शर्ट सोडला,
दोरीवर, बाह्या खाली लोंबत्या, कोरा.

"शर्ट रंगवायचा राहिला," मी म्हटलं.
वीस वर्षं शिकवतेय, तरी जिभेला हाड नाही.
"राहिला नाही," तो म्हणाला.
"आईने धुतलाय."

पुढे मी काय बोलले आठवत नाही.
बहुधा ब्रश धुवायला सांगितले.
बहुधा दोनदा.

पांढरं उरलं होतं बरणीत.
स्वयंपाकघरातल्या दोदोने साखर घालून ते असं फेटलं
की चौथ्या तासाला सगळ्यांना मिशा,
आणि आजोबांच्या मिशीला मिशी.
गाय तोवर कुणीतरी बांधून आलं होतं.

आता रात्री तक्ता भरायला बसलेय.
उद्दिष्ट, साहित्य, कालावधी, गुण.
साहित्यात लिहिते: साल, गंज, वीट, झेंडू, अंडी.
थांबते. रुमाल, एक. परत केला.
गुणांच्या रकान्यात नऊ लिहिले, खोडले,
दहा लिहिले, तेही खोटे वाटले,
खोडरबराने कागद तिथे पातळ झालाय,
खालच्या टेबलाची रेघ दिसते.

रुमाल परत घेताना त्याने
घड्या पहिल्यासारख्याच घातल्या होत्या, चारच्या चार,
आणि म्हणाला होता, जरा घाईत,
बाबांची उद्या पहिली पाळी आहे.