पाचवं प्रकरण

ऐरोलीत, भाजी मार्केटच्या वरच्या मजल्यावर,
शनिवारी चार ते सात
मी मुलांचं कपाट उघडते.
खालून कोथिंबिरीचा वास जिना चढून येतो
आणि त्याच्या मागोमाग मुलं,
आयांच्या पिशव्या भरेपर्यंत माझी.

"काकू, एखादं चांगलं द्या ना."
चांगलं म्हणजे कसलं,
हे कळायला मला अकरा वर्षं लागली.
पुस्तकांच्या पाठीवर वयं छापलेली असतात,
आठ ते दहा, दहा ते बारा,
जसे काही चपलांचे नंबर.
झोया मुकादमला गोष्टीत विहीर लागते,
विहीर नसेल तर भुयार, अगदीच नाही तर कुलूपबंद माळा.
गार्गी लोंढे दारातूनच विचारते,
"कुत्रा मरतो का?"
मी खोटं बोलत नाही.
मरत असेल तर पान सांगते.
त्या पानाला ती आईला खेटून बसते म्हणे.

दिवाळीनंतर निर्मित मढवी आला,
दिवा कोळीवाड्यातला, पाचवीतला.
घामानं भिजलेली टोपी, पण काढेना.
"ज्यात कोनतरी मरतंय, असं पुस्तक हाय?"

मी शहाणी.
लग्नाच्या बँडमधला भोंगा पळवणाऱ्या माकडाचं पुस्तक
त्याच्या हातात ठेवलं.
पुढच्या शनिवारी टेबलावर परत.
"यान कोनच मरत नाय."
मग बंदरावरच्या चोरांचं दिलं.
"एक मेला, पन तो वाईट होता. तो नाय चालत."
मग भुताचं.
"हा तर आधीच मेलेला हाय."

तेव्हा कुठे मी विचारलं,
पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते,
"तुला नक्की काय बघायचंय रे?"
तो कपाटाच्या कडेचा रंग नखानं खरवडत राहिला.
"मंग दुसऱ्या दिवशी काय करतात?
शाळेत जातात का?
डबा कोन भरतं?"
टोपी थोडी मागे सरकली होती.
खाली केस नव्हते.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर नऊ पुस्तकं चाळली.
लेखक मंडळी भारी घाईची.
माणूस गेला की पान उलटतात
आणि वर लिहितात, "तीन वर्षांनंतर".
ती तीन वर्षं कुठे गेली, कोण विचारतं?

दहावं सापडलं खालच्या खणात,
सहा वर्षांत एकदाही शिक्का न पडलेलं.
मिठागराजवळची एक मुलगी.
चौथ्या प्रकरणात तिचे बाबा जातात.
पाचव्यात ती उठते, दात घासते.
शेजारीण भेंडीची भाजी आणून देते,
तिला भेंडी आवडत नाही, ती खाते.
वर्गात गणिताच्या बाई तिला
नेहमीसारख्याच ओरडतात,
आणि तिला बरं वाटतं.
एवढंच. बाकी काही घडत नाही त्या प्रकरणात.
म्हणूनच कुणी नेत नसावं.

त्यानं ते पाच आठवडे ठेवलं.
दंडाच्या रकान्यात मी रेघ ओढली.
परत आणलं तेव्हा टोपी नव्हती,
डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस, ब्रशसारखे ताठ.
पुस्तकाची पुढची पानं कोरी करकरीत,
पाचव्या प्रकरणाची मात्र मऊ झालेली,
एका कोपऱ्यावर कालवणाचा पिवळा डाग.

"शेवट वाचलास?"
"नाय. तेवढंच पायजे होतं."

मी तारखेचा शिक्का मारत होते,
खाली कुणीतरी मेथीच्या जुडीवरून भांडत होतं,
तो अजून उभाच.
"काकू, ते माकडाचं परत द्या.
तवा नीट वाचला नव्हता."