शिळा

ओल्झा नदी आमच्या गावामधून जाते
आणि गावाचे दोन देश करते.
पूल ओलांडायला एक सिगारेट पुरते, बाबा म्हणायचे.

त्यांची बेकरी चेक काठावर.
दारावर खडूने लिहिलेलं: चेर्स्त्वी पाव.
म्हणजे ताजा.
आई पलीकडची, पोलिश.
तिच्याकडे चेर्स्त्वी म्हणजे शिळा.
पाटी वाचून तिला वाटलं, काय प्रामाणिक माणूस आहे,
आणि तिने कोंबड्यांसाठी दोन पाव मागितले, अर्ध्या किमतीत.
बाबांनी भट्टीतला पाव तसाच तिच्या तळहातावर ठेवला.
हात भाजला.
तिथे जे भांडण लागलं
ते एकतीस वर्षं पुरलं.

लग्नाआधी त्यांनी पत्र टाकलं: क्व्येतेनमध्ये येतो, मागणी घालायला.
क्व्येतेन, म्हणजे त्यांचा मे.
तिचा क्व्येचेन, एका अक्षराच्या अंतरावर,
पण एप्रिल.
अख्खा एप्रिल ती पुलाच्या टोकाशी उभी,
चिखल झालेल्या बर्फात, बोझेना मावशीचे बूट घालून.
मे महिन्यात बाबा प्लमचा केक घेऊन आले
तेव्हा मावशीने वरच्या खिडकीतून
बटाटे धुतलेलं पाणी ओतलं.

तरी झालं लग्न.
आई म्हणे, स्क्लेपात जाऊन येते.
ती दुकानात,
आणि बाबा मेणबत्ती घेऊन तळघरात तिला हाका मारतायत.
एकदा भर गिऱ्हाइकांत आई बेकरीत शिरली,
नवऱ्याला शुकाम, म्हणाली, शोधतेय.
टोपल्या जागच्या जागी थांबल्या.
बाबा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल.
त्यांच्या काठावर त्या क्रियापदाचा अर्थ काय
हे मला सोळाव्या वर्षी कळलं,
आणि मीही लाल झाले.

आई एप्रिलमध्ये गेली.
पाथरवटाला तारीख सांगताना बाबांनी
मुद्दाम तिच्या बोलीत महिना सांगितला, क्व्येचेन.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नीट.
पाथरवट झ्ब्येहलिक इकडचाच.
म्हाताऱ्याचे दात पडलेत, जीभ घसरली असेल,
असं समजून त्याने कोरलं: क्व्येतेन.

मी म्हटलं, पुसायला सांगू, नवी करू, पैसे मी देते.
बाबांनी टोपी काढली.
अक्षरांत अडकलेली भुकटी अंगठ्याने झाडली.
असू दे, म्हणाले,
माझ्यापायी तिचा एक एप्रिल फुकट गेला होता.
घेऊ दे महिनाभर जास्त.

मग कोटाच्या खिशातून पाव काढून
त्यांनी शिळेवर ठेवला.
परवाचा होता, वाजत होता दगडावर.
चेर्स्त्वी आहे गं, म्हणाले.