पायडल

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पावरा सिस्टर म्हणाली,
काका, पंजा वर, पंजा खाली.
तासाला वीस वेळा, जागे असाल तोवर.
हसू आलं. टाके ओढले गेले.
अमळनेरला, बोरीच्या पुलाअलीकडे,
चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?

धुळ्यातली ही खाट. मांडीच्या हाडात रॉड.
खाली पायडल नाही, तरी पाय ओळखतो:
टाच, पंजा. टाच, पंजा.

रक्त साकळतं, ती म्हणाली.
बाकीचं मी माझ्या हिशेबाने लावून घेतलं.
वरून शिलाई सरळ दिसते,
आणि कापडाखाली, बॉबिनपाशी,
दोऱ्याचं घरटं होत असतं.
मशीन रखडलं की होतं.
कळतं तेव्हा सुई अडकलेली असते.

पायांत पांढरे मोजे, मांडीपर्यंत.
शिवण तपासली. बरी आहे.
घोट्याशी तंग, वर जाता जाता सैल.
असं कापायला भटूच हवा होता.

रात्री पोटात सुई, नऊ नंबरपेक्षा बारीक.
सकाळी सिस्टर टेप काढते,
दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून आकडे लिहिते.
ती सेंटिमीटर वाचते, मी इंच.
साडेतेरा. साडेतेरा. सारखे.
गावभराची मापं घेतली,
माझं कुणी घेतलं नव्हतं.

भटूचंही नाही.
अकरा वर्षं झाली. हेच हाड, सातवा दिवस.
एक पोटरी टम्म, हाताला गरम.
मार आहे, उतरेल, म्हणालो आम्ही.
मीच सांगितलं होतं,
हलू नको भो, पडून राहा,
लगीनसराईचं मी बघतो.
माझं ऐकायचा तो.
मोरीपर्यंत गेला, दम लागला म्हणाला,
भिंतीला धरून खाली बसला.
लोक म्हणाले, नजर लागली.
कापून ठेवलेले अकरा ब्लाऊज
मी नंतर शिवले, एकेक.

उद्या वॉकर. दारापर्यंत सात पावलं होतील,
खाटेवरून अंदाज घेतलाय.
खिडकीत मे महिना. तांब्यातलं पाणी
सिस्टर संपवायला लावते.

दुपारी बायको डबा घेऊन आली.
चादर हलताना बघत उभी राहिली.
"काय करी ऱ्हायनात?"
"शिवी ऱ्हायनू."
"कोनं?"

वीस कधीच झाले होते.
मी पाय थांबवला नाही.