थप्पीखालचा फासा

धान खरेदी केंद्राच्या गोदामात
रात्री नऊनंतर आम्ही चौघं देश निवडत होतो.
वजनकाटा हेच टेबल. त्यावर वही, दोन पेन्सिली,
आणि नागपूरहून कुरिअरनं आलेला
वीस तोंडांचा निळा फासा.
काट्याला त्याचं वजन कळायचं नाही, शून्यच दाखवायचा.

खिलेंद्र कटरेला बर्फाचं राज्य हवं होतं.
पांढरे किल्ले, गोठलेल्या नद्या,
डोंगरात झोपलेला अजगर, नाकातून धूर.
आमच्यापैकी कुणीच बर्फ पडताना पाहिला नव्हता,
म्हणून त्यानं लाळ-खुरकुताच्या लशींचा डबा उघडला,
त्यातली थंड पिशवी एकेकाच्या हातावर ठेवली:
"डोरे मिटा. आता समजा, अख्खा जिल्हा असा."
तळहात बधिर होईतो
मी दोन घाट चढून गेलो होतो, खरं सांगतो.

दुरपता मडावीला तरंगती बेटं आवडली,
ढगांना साखळदंडानं बांधलेली.
पण ती आशाताई. पहिला प्रश्न तिचाच:
"तिथं बाई अडली त कोनत्या दवाखान्यात नेतेत?
दोर सोडून खाली का?"
उत्तर शोधता शोधता
आम्ही एक उडती खाट तयार केली, तिचे चार वाहक, त्यांचा भत्ता,
भत्ता का रखडला त्याचं कारणही.
अकरा वाजले. राक्षस अजून यायचाच होता.

"जमिनीखालचं शहर घेऊ," मी म्हणालो.
दिव्यांच्या गल्ल्या, आंधळे सोनार, दगड खाणारी माणसं.
सुगत विडी ओढत नाही, नुसती बोटांत फिरवतो.
फिरवली बराच वेळ.
"माहा भाऊ रोज उतरते खाली. मँगनीजच्या खाणीत.
त्याले विचारून सांगतो."
मी वहीतलं ते पान दुमडलं.

तेव्हा दुरपतानं बारदान्याच्या गठ्ठ्यामागून
हेमेश्वरीचा नकाशा काढला.
हेमेश्वरी दोन हंगाम इथं काटापट्टी लिहायची,
गेल्या जूनमध्ये नर्सिंगला वर्ध्याला गेली.
काटापट्टीच्या पाठीवर, कार्बनच्या डागांमधून
तिनं एक देश काढून ठेवला होता:
तिथं अंधार मोजून मिळतो, माणशी दोन किलो,
ओला असला तर कट्टी.
चंद्राकडे सात वर्षांची थकबाकी.
पहाटे लोक उरलेला अंधार पोत्यात भरून तोंड शिवतात,
आणि ज्याचं पोतं उसवलं
त्याच्या दारात भर दुपारी घुबड बसतं.
पूर्वेला एक नदी. नावाच्या जागी फक्त 'ना',
पुढे कागद संपलेला.

"नागीण," खिलेंद्र म्हणाला.
"नाही रे," सुगत म्हणाला. "'नाई' लिवत असन ते.
नदी नाईच तिथं."

मतं पडली. दोन बर्फाला, दोन हेमेश्वरीला.
मग फाशावर सोडलं: दहाच्या वर, बर्फ.
दुरपतानं फेकला. तिचा हात जड.
फासा काट्यावरून उडाला, फरशीवर टणटणला
आणि धानाच्या थप्पीखाली
दोन फळ्यांच्या फटीत गेला.
वर नऊशे पोती. राइस मिलचा ट्रक होळीनंतर.

"तोवर तात्पुरतं इथंच ऱ्हाऊ,"
दुरपता नकाशाच्या घड्या सरळ करत म्हणाली.
फाशाऐवजी चिंचोके फोडून घेतले,
पालथे किती, उताणे किती.
खिलेंद्र अंधाराचा चोर झाला.
सुगत नावाडी. नदी सापडेपर्यंत
नाव खांद्यावर घेऊन हिंडणारा.
भाव मी ठरवायचो.

एकोणीस रात्री.

ट्रक आला, हमालांनी शेवटची फळी उचलली.
घुशीच्या लेंड्या, भुसा, कुणाची तरी एक चप्पल, आणि तो,
आकडा वर करून, इतके दिवस तसाच पडलेला.
सुगत माझ्याआधी पोचला.
वाकला, आणि कुणी पाहायच्या आत
त्यावर आपली टोपी ठेवली.

"रात्री पाहू," म्हणाला.
"माही नाव अजून पान्यात नाई उतरली."